नांव नसलेले हात

बाजारांत द्राक्षांची पेटी येते तेव्हां तिच्यावर बागाइतदाराचें नांव असतें, व्यापाऱ्याचें असतें, पुष्कळदां गांवाचेंहि असतें. परंतु तो घड ज्या हातानें कापला त्या हाताच्या धन्याचें नांव कोठेंच आढळत नाहीं. शेतकऱ्याविषयीं सर्वच देशांच्या वाङ्मयांत आदर आहे. त्याला जमीन आहे, बैल आहेत, वंश आहे. म्हणून त्याला कथाहि आहे. पण ज्याला स्वतःची जमीन नाहीं, जो एका पिकाच्या हंगामामागून दुसऱ्या पिकाच्या हंगामामागें बायकामुलांसह वणवण फिरतो, त्या मजुराला कथेचा नायक होण्याचा मान फार उशिरां मिळाला. तो मान कोणीं दिला, कसा दिला, आणि देतांना कोणाकोणाला वगळलें, हा इतिहास अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत जितका स्पष्ट वाचावयास मिळतो तितका क्वचितच दुसरीकडे मिळेल.

कॅलिफोर्नियाची शेती म्हणजे घरापुढचा मळा नव्हे. स्पॅनिश व मेक्सिकन अमदानींतील प्रचंड इनामें आणि रेल्वे कंपन्यांना मिळालेल्या जमिनी यांतून तेथें हजारों एकरांचीं शेतें निर्माण झालीं. प्रथम त्यांत गहूं पिके. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाटाचें पाणी आलें, बर्फ भरलेले आगगाडीचे डबे आले, आणि गव्हाची जागा द्राक्षें, पीच, संत्रीं, भाजीपाला व पुढें कापूस यांनीं घेतली. अशा बागेला वर्षभर मूठभर माणसें पुरतात. परंतु फळ पिकलें कीं दोनतीन आठवडे शेंकडों हात एकदम हवे असतात, आणि तोडणी संपली कीं तेच हात नकोसे होतात. म्हणजे मजूर हवा, पण त्यानें तेथें राहूं नये. काम करावें, पण घर मांडूं नये, अशी ही व्यवस्था होती.

ही गरज भागविण्यासाठीं एकामागून एक टोळ्या आल्या. आधीं चिनी आले. १८८२ सालीं कायद्यानें त्यांचा प्रवेश बंद झाला. मग जपानी आले. १९०७ च्या सुमारास दोन सरकारांच्या समजुतीनें त्यांचीहि वाट अडली. त्यानंतर पंजाबांतील शीख, मग फिलिपिनो, आणि पहिल्या महायुद्धानंतर फार मोठ्या संख्येनें मेक्सिकन. एका टोळीनें मजुरी वाढवून मागितली कीं दुसरी तिच्याहून स्वस्तांत मिळे. या पन्नास वर्षांत पाटाच्या काठीं ठोकलेल्या राहुट्या, त्याच पाटाचें पाणी पिऊन येणारा विषमज्वर आणि मुकादमाची दलाली हीं सर्व होतींच. नव्हता तो फक्त त्यांच्याविषयीं लिहिणारा नामवंत लेखक.

१९३० नंतर चित्र पालटलें. मध्य अमेरिकेच्या मैदानांत पावसानें दगा दिला. धुळीच्या वादळांनीं कित्येक परगण्यांतील मातीच उडवून नेली. परंतु सर्व अनर्थ धुळीचाच होता असें समजणें इतिहासाला धरून होणार नाहीं. ओक्लाहोमाच्या पूर्व भागांतील व आर्कन्सॉमधील कापूस पिकविणाऱ्या कुळांच्या दारांत ती धूळ फारशी आलीच नव्हती. तेथें कापसाचे भाव कोसळले होते. १९३३ च्या शेतकी कायद्यानें जमीन पडीक ठेवणाऱ्या मालकाला सरकारी पैसा मिळूं लागला, आणि कुळाला काढून टाकणें हेंच मालकाच्या फायद्याचें झालें. त्या पैशांतून पुष्कळदां ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर आल्यावर उरलींसुरलीं कुळेंहि गेलीं. ओक्लाहोमा, टेक्सस, आर्कन्सॉ व मिसूरी या चार संस्थानांतून त्या दशकांत तीन लाखांहून अधिक माणसें कॅलिफोर्नियांत आलीं. कांहीं शहरांत स्थिरावलीं. पण ज्यांना दुसरी विद्या नव्हती तीं मोडक्या मोटारींवर गाद्या व भांडीं बांधून थेट शेतांकडे वळलीं.

तेथें त्यांना एक नवें नांव मिळालें. त्यांना 'ओकी' म्हणूं लागले. ओक्लाहोमाचा रहिवासी एवढाच त्या शब्दाचा मूळ अर्थ; पण उच्चारणाऱ्याच्या तोंडीं तो घाणेरडा, अडाणी, उपरा अशा अर्थीं येई. १९३६ च्या फेब्रुवारींत लॉस एंजलिसच्या पोलिस अधिकाऱ्यानें आपले शिपाई संस्थानच्या सरहद्दींवर पाठवून खिशांत पैसे नसलेल्यांना परत लावण्याचा उद्योग केला. स्वदेशांतील एका भागांतून दुसऱ्या भागांत जाणारा नागरिक केवळ गरीब म्हणून सरहद्दीवर अडविला जात होता. निर्धनाला संस्थानांत आणणें हा गुन्हा ठरविणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सर्वोच्च न्यायालयानें १९४१ सालीं रद्द केला, तोंवर हा प्रश्न निकालांत निघाला नाहीं.

अशा वेळीं जॉन स्टाइनबेक हा लेखक पुढें आला. त्याचा जन्म १९०२ सालचा, सलीनास या शेतीच्याच गांवचा. तरुणपणीं त्यानें बीटच्या शेतांवर मजुरांबरोबर काम केलें होतें. १९३६ सालीं सॅन फ्रॅन्सिस्कोच्या एका दैनिकानें त्याला या नव्या मजुरांची पाहणी करावयास सांगितलें. एका जुन्या पाव विकण्याच्या गाडींत बिछाना टाकून तो निघाला आणि कर्न परगण्यांतील आर्विन येथील सरकारी छावणींत पोंचला. छावणीचा व्यवस्थापक टॉम कॉलिन्स हा विलक्षण मनुष्य होता. तो मजुरांत राही; त्यांनींच निवडलेल्या समितीच्या हातीं छावणीचा कारभार सोंपवी; आणि आठवड्याच्या सरकारी अहवालांत मजुरांचें बोलणें, गाणीं, भांडणें, आजार, मुलांचे खेळ हें सारें लिहून ठेवी. सरकारी अहवाल म्हणजे केवळ आंकड्यांची रास ही समजूत त्यानें खोटी ठरविली. त्या अहवालांचें ऋण स्टाइनबेकनें लपविलें नाहीं. पुढें आलेल्या कादंबरीच्या अर्पणपत्रिकेंत पत्नीच्या नांवाबरोबर टॉमचेंहि नांव आहे.

त्या ऑक्टोबरांत स्टाइनबेकचे सात लेख प्रसिद्ध झाले. पण लेखानें त्याचें समाधान झालें नाहीं. १९३८ च्या आरंभीं व्हायसेलियाच्या परिसरांत महापूर आला, आणि पाण्यानें वेढलेल्या राहुट्यांत उपाशी पडलेलीं कुटुंबें त्यानें चिखल तुडवीत पाहिलीं. त्याच सुमारास त्यानें बागाइतदारांची टर उडविणारी एक कादंबरी लिहून पुरी केली होती. ती त्यानें आपल्या हातानें नष्ट केली. हें दुःख उपहासाचा विषय नव्हे, राग आला तरी तो लेखकानें आपल्या लेखणीच्या करमणुकीसाठीं वापरूं नये, हें त्याला पुराच्या पाण्यांत उमगलें असावें. मग मे महिन्याच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, अवघ्या पांच महिन्यांत, त्यानें 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' लिहून काढली. १४ एप्रिल १९३९ रोजीं ती प्रसिद्ध झाली.

या कादंबरीची मांडणी मुद्दाम ध्यानांत घेण्यासारखी आहे. तींत एक प्रकरण जोड नांवाच्या कुटुंबाचें, तर दुसरें हजारों अनामिकांचें, अशीं प्रकरणें आलटून पालटून येतात. एकांत आजोबा वाटेंत मरतो, आई घर सांवरते, थोरला मुलगा तुरुंगांतून सुटून आलेला असतो. दुसऱ्यांत रस्ता, ट्रॅक्टर, जुन्या मोटारींचे लबाड विक्रेते, आणि भाव पडूं नये म्हणून रॉकेल ओतून नासलेलीं संत्रीं यांचें वर्णन असतें. लाखोंची संख्या ऐकून मनाला कांहीं होत नाहीं. एका घरांत कोण कोण होतें हें कळल्यावर मात्र होतें. ओकी या शिवीमागें एक आडनांव आहे, एक आई आहे, हें त्यानें वाचकांना दाखविलें. शिवी पुसून त्या जागीं नांव लिहिणें, हेंच या कादंबरीचें सर्वांत मोठें कार्य होय.

परिणामहि तसाच झाला. त्या वर्षीं अमेरिकेंत सर्वाधिक खपलेली ती कादंबरी होती. १९४० सालीं तिला पुलित्झर पारितोषिक मिळालें, आणि त्याच वर्षीं जॉन फोर्डनें तिचा बोलपट काढला. ज्या कर्न परगण्यांत आर्विनची छावणी होती तेथल्याच लोकनियुक्त मंडळानें ऑगस्ट १९३९ मध्यें ती शाळांतून व ग्रंथालयांतून हद्दपार केली. बहिष्कार दीड वर्षाच्या आंतबाहेर टिकला; तेथील ग्रंथपाल बाईंनीं मात्र या बंदीला लेखी विरोध केला. अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनीं १९४० च्या एप्रिलांत स्वतः छावण्या पाहिल्या आणि लेखकानें अतिशयोक्ति केलेली नाहीं अशी ग्वाही दिली. सिनेटच्या चौकशीसमितीनेंहि कॅलिफोर्नियांत येऊन मजुरांच्या हक्कांची पायमल्ली कशी होते याविषयीं साक्षी घेतल्या.

येथें एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. पन्नास वर्षें जी गोष्ट डोळ्यांसमोर चालली होती ती १९३९ सालींच एकाएकीं असह्य कां झाली? उत्तर स्टाइनबेकच्याच लेखांत आहे. पूर्वीं आलेल्या परदेशी मजुरांचे हाल त्याला ठाऊक होते. सात लेखांत त्यानें ते सांगितलेहि आहेत. पण त्याच्या युक्तिवादाचा कणा असा कीं, हे नवे मजूर या देशांत जन्मलेले, गोरे, लोकशाहींत वाढलेले आहेत. हे असली वागणूक सहन करणार नाहींत. १९३८ सालीं ते लेख पुस्तिकेच्या रूपानें निघाले तेव्हां तिच्या नांवांत या लोकांच्या रक्ताचाच गौरव होता. मध्यमवर्गीय वाचकानें चित्रांत आपल्याच भावाचा चेहरा पाहिला, म्हणून त्याचे डोळे पाणावले. फिलिपिनो वा मेक्सिकन मजुराला त्या कादंबरींत जवळजवळ स्थानच नाहीं. आणि ज्या वर्षांत जोड कुटुंबासाठीं देश हळहळत होता त्याच दशकांत कित्येक लाख मेक्सिकन लोक, त्यांत अमेरिकेंत जन्मलेलीं मुलेंहि, मेक्सिकोकडे लोटलीं गेलीं होतीं. करुणा खरी होती, पण ती ओळखीच्या दाराशींच थांबली.

छायाचित्रांचीहि कथा अशीच आहे. मार्च १९३६ मध्यें निपोमो येथें गोठून गेलेल्या वाटाण्याच्या शेताशेजारीं सरकारी छायाचित्रकार डोरोथिया लँग हिनें एका मातेचें चित्र घेतलें. मांडीवर तान्हें मूल, दोन्ही खांद्यांआड तोंडें लपविलेलीं दोन लेंकरें, आणि हनुवटीशीं हात नेऊन दूर पाहणारी बाई. हें चित्र त्या काळाचें प्रतीक होऊन बसलें. वृत्तपत्रांत बातमी व चित्रें येतांच सरकारनें त्या तळावर सुमारें वीस हजार पौंड धान्य पाठविलें. पण तोंवर ती बाई मुलांसह पुढच्या कामाच्या शोधांत निघून गेली होती. लँगनें तिचें नांव विचारलें नव्हतें. बेचाळीस वर्षांनीं, १९७८ सालीं, तें जगाला कळलें: फ्लॉरेन्स ओवेन्स टॉमसन. ती चेरोकी या मूळच्या इंडियन जमातीची होती, ही गोष्टहि तेव्हांच बाहेर आली. गोऱ्या निर्वासित मातेचें चित्र म्हणून ज्याची पूजा झाली तें वस्तुतः त्या भूमीच्या आद्य रहिवाशांपैकीं एका स्त्रीचें होतें. या चित्रानें आपल्याला कांहीं दिलें नाहीं, असें ती शेवटपर्यंत सांगे.

दुसरी एक स्त्री लेखिका होती. तिच्या वांट्याला निराळ्या प्रकारचें अनामिकत्व आलें. सनोरा बॅब हिचा जन्म १९०७ सालीं ओक्लाहोमाच्या भूमींत झाला. बालपण कोलोरॅडोच्या उजाड माळावर, जमिनींत खोदलेल्या घरांत गेलें. १९३८ सालीं ती टॉम कॉलिन्सच्या हाताखालीं छावण्यांतून काम करूं लागली. दिवसा कुटुंबांची विचारपूस करावी, रात्रीं टिपणें लिहावीं, असा तिचा क्रम होता. त्या टिपणांतून तिनें कादंबरी उभी केली. न्यूयॉर्कच्या रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेचे बेनेट सर्फ यांना ती पसंत पडली. परंतु इतक्यांत स्टाइनबेकची कादंबरी बाजारांत आली आणि गाजली. एकाच विषयावर दुसरें पुस्तक आतां खपणार नाहीं, या हिशेबानें बॅबचें हस्तलिखित बाजूला पडलें. तें बाजूला राहिलें पासष्ट वर्षें. २००४ सालीं ओक्लाहोमा विद्यापीठानें तें छापलें. पुढच्याच वर्षीं, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षीं, लेखिका वारली. पुस्तकाचें नांव 'हूज नेम्स आर अननोन', म्हणजे ज्यांचीं नांवें ठाऊक नाहींत ते. कुळांना हुसकण्याच्या कोर्टाच्या कागदांत हा शब्दप्रयोग येई. नांव न शोधतांच माणसाला घराबाहेर काढण्याची ती कायदेशीर सोय होती. दुःखालाहि बाजारांत एकच दुकान मिळतें, हा धडा यांतून निघतो तो कडू आहे, पण खरा आहे.

वगळलेल्यांची नोंद कोणींच केली नाहीं असें मात्र नव्हे. स्टाइनबेकच्या पाठोपाठ, १९३९ च्या जुलैंत, केरी मॅक्विल्यम्स या वकिलाचें 'फॅक्टरीज इन द फील्ड' निघालें. तें कादंबरी नव्हे, इतिहास आहे. शेतकरी दिसतो, पण वस्तुतः कारखाना आहे, आणि ओकी हा त्या कारखान्यांतील पहिला मजूर नसून नवा आलेला आहे, हें त्यानें चिनी मजुरांपासून आरंभ करून दाखविलें. 'हिंदू' या नांवानें तेथें ओळखले जाणारे पंजाबी मजूरहि त्यांत आहेत. १९१३ सालीं जी गदर चळवळ उभी राहिली तिला बळ व पैसा पुरविला तो पॅसिफिक किनाऱ्यावरील शेतांत व लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या याच लोकांनीं. त्यांच्यांत महाराष्ट्रांतून शिकावयास गेलेले दोन तरुण मिसळले होते: वर्ध्याकडील पांडुरंग खानखोजे आणि तळेगांव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे. पिंगळ्यांना १९१५ सालीं लाहोरच्या तुरुंगांत फांशी झाली. खानखोजे पुढें मेक्सिकोंत शेतकीचे अध्यापक झाले. देशभक्तीच्या इतिहासांत त्यांचीं नांवें सुवर्णाक्षरांनीं आहेत. पण ज्यांनीं फळें तोडून पैसा दिला त्या सामान्य मजुरांचीं फारच थोडीं नांवें आपल्याला ठाऊक आहेत.

या वगळलेल्यांपैकीं एकानें १९४६ सालीं स्वतः लेखणी हातीं घेतली. कार्लोस बुलोसान हा फिलिपिनो तरुण १९३० सालीं अमेरिकेंत उतरला. मजुरीच्या शोधांत तो किनाऱ्यानें वरखालीं हिंडला, क्षयानें अंथरुणाला खिळला, आणि इस्पितळांत पुस्तकें वाचून इंग्रजी लेखक झाला. 'अमेरिका इज इन द हार्ट' या त्याच्या ग्रंथांत स्वतःचें व आपल्या सोबत्यांचें आयुष्य त्यानें एकत्र गुंफलें आहे. बाहेरून पाहणाऱ्याला मजुराची भूक दिसते. आंतून लिहिणाऱ्याला भुकेबरोबर अपमानहि आठवतो. फिलिपिनो म्हणून रस्त्यांत मार खाणें, गोऱ्या स्त्रीशीं बोलल्याचा गुन्हा ठरणें, आपल्याच देशबांधवाच्या जुगारखान्यांत मजुरी गमावणें, हें सर्व तो सांगतो. आणि तरीहि ज्या देशानें झिडकारलें त्याच्यावरील श्रद्धा सोडीत नाहीं.

एव्हांना ओकी शेतांतून नाहींसे होत चालले होते. दुसऱ्या महायुद्धांत जहाजांच्या व विमानांच्या कारखान्यांनीं त्यांना सामावून घेतलें. रिकाम्या जागीं पुन्हा परदेशी हात आणण्यासाठीं १९४२ सालीं अमेरिका व मेक्सिको यांच्यांत करार झाला. तो १९६४ पर्यंत चालला आणि त्याखालीं सेहेचाळीस लाखांच्या आसपास करारपत्रें झालीं. या मजुरांना 'ब्रासेरो' म्हणत. स्पॅनिश भाषेंत ब्रासो म्हणजे बाहु. माणूस नको, त्याचा बाहु तेवढा हवा, ही गोष्ट इतक्या उघडपणें दुसऱ्या कोणत्या शब्दानें सांगितली असेल?

त्या काळांतली एक घटना फार बोलकी आहे. २८ जानेवारी १९४८ रोजीं मेक्सिकन मजुरांना सरहद्दीकडे नेणारें एक विमान कोलिंगा गांवाजवळ लॉस गाटोस या दरींत कोसळलें. बत्तीस माणसें मेलीं. त्यांत अठ्ठावीस मजूर होते. देशभर पसरलेल्या बातम्यांत वैमानिकांचीं व पहारेकऱ्याचीं नांवें आलीं. मजुरांचा उल्लेख 'देशाबाहेर धाडलेले' एवढाच होता. फ्रेस्नो येथें त्यांना एकत्र पुरण्यांत आलें, आणि वर नांवांवांचून दगड बसला. ओक्लाहोमांतच जन्मलेला लोकगायक वुडी गथ्री ती बातमी ऐकून अस्वस्थ झाला आणि त्यानें एक गीत लिहिलें. ठाऊक नसलेल्या नांवांच्या जागीं त्यानें आपल्या मनानें कांहीं नांवें घातलीं. हें गीत देशभर गाइलें गेलें. पुढें टिम हर्नांडेझ हा स्वतः शेतमजुरांच्या कुळांतला लेखक खऱ्या नांवांच्या शोधास लागला. दफनाच्या नोंदी व जुनीं वृत्तपत्रें चाळून त्यानें तीं मिळविलीं. २०१३ सालीं, पासष्ट वर्षांनीं, त्या थडग्यावर अठ्ठावीस नांवें कोरलेला नवा दगड बसला. कवीच्या करुणेनें लोकांचें स्मरण जागें ठेवलें. पण नांव परत आलें तें चिकाटीच्या शोधानें.

१९६५ सालीं डेलेनो येथील द्राक्षांच्या मळ्यांत लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखालीं फिलिपिनो मजुरांनीं संप पुकारला. आठवड्याभरांत सीझर चावेझ यांच्या मेक्सिकन मजुरांनीं त्यांना साथ दिली. लुइस वाल्देझ या मजुराच्या मुलानें संपकऱ्यांचीच नाटकमंडळी काढली. ट्रकच्या फळीवर रंगभूमि, गळ्यांत अडकविलेल्या पाट्यांवर पात्रांचीं नांवें, आणि मालकाची भूमिका करणाराहि मजूरच! १९७१ सालीं तोमास रिवेरा याची स्पॅनिश कादंबरी प्रसिद्ध झाली. टेक्ससहून दरवर्षीं उत्तरेकडे मजुरीस जाणाऱ्या कुटुंबांत तो वाढला होता. त्याच्या कथेंत एक मुलगा गुरांच्या टांकींतलें पाणी पितांना गोळीला बळी पडतो. एका रात्रीं ट्रकमध्यें उभ्यानें प्रवास करणारीं माणसें, पोंचल्यावर काय करावयाचें एवढाच विचार करीत असतात. वर्षभराच्या या आठवणी ज्या मुलाच्या आहेत त्याला मात्र लेखकानें नांव दिलेलें नाहीं. पूर्वीं नांव न देणें ही उपेक्षा होती. येथें ती निवड आहे. तो मुलगा कोणीहि असूं शकतो, असें आंतला माणूसच अधिकारानें म्हणूं शकतो.

वाङ्मयानें काय साधलें, याचा हिशेब करावयाचा तर कायद्याकडेहि पाहिलें पाहिजे. १९३५ सालीं अमेरिकेनें कामगारांना संघ करण्याचा हक्क दिला तेव्हां शेतमजुरांना त्यांतून वगळलें. स्टाइनबेकची कादंबरी लाखों घरांत वाचली गेली, तरी ती ओळ तशीच राहिली. कॅलिफोर्नियांत शेतमजुरांना तो हक्क कायद्यानें मिळाला १९७५ सालीं, कादंबरीनंतर छत्तीस वर्षांनीं, आणि तो मिळविला संपकऱ्यांनीं. १९७० मध्यें बागाइतदारांशीं करार झाल्यावर द्राक्षांच्या पेट्यांवर मजूरसंघाचा काळा गरुड छापला गेला. ज्या पेटीवर मजुराची खूणहि नसे तिच्यावर ती प्रथमच उमटली. म्हणून लेखकाचें श्रेय कमी होतें असें नाहीं. पण त्याच्या कार्याची मर्यादा कळते. लेखक वाचकाला दारापर्यंत आणतो. दार उघडणें हें त्याचें एकट्याचें काम नव्हे.

या इतिहासाचा उपयोग महाराष्ट्रालाहि आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या कोरडवाहू मुलखांतून लाखों माणसें मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्यापर्यंत कारखान्याच्या परिसरांत कोप्या बांधून राहतात. तेथें नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. एकटें माणूस असेल तर तो 'अर्धा कोयता'. उचल जोडीची, मजुरी जोडीची. बाईचा हिशेब वेगळा बहुधा नसतोच. ब्रासेरो हा बाहु झाला, तसा येथें माणूस हत्यार झाला आहे. या लोकांवर लिहिणारानें दुःखाचें वर्णन करण्यापूर्वीं, कोयता म्हणून लिहिलेल्या त्या दोघांचीं नांवें विचारावीं, आणि त्यांतलें दुसरें नांव विसरूं नये. साखर रोज घरांत येते. तिच्या पोत्यावर कारखान्याचें नांव असतें.